अर्थिंगला रोज एक तांब्या

काशिनाथ भोईरच्या सायकलच्या कॅरिअरला कायम एक विजेची शेगडी बांधलेली असायची. मातीची थाळी, तिच्यात नागमोडी खाचा, खाचांत गुंडाळीची तार आणि बाहेर लोंबणाऱ्या दोन लांब वायरी. आगाशीच्या बाजारात तो दिसला की कोणी ना कोणी टोकायचंच.

"काय काशिनाथ, आज कुणाकडे भात लावायचाय?"

"तुझ्याकडंच. तांदूल काढून ठेव."

त्या शेगडीवर भात सोडाच, चहाचं आधणही कधी चढलं नव्हतं. ती परीक्षा घेण्यासाठी होती. वाडीतल्या एखाद्या घराचं अर्थिंग काशिनाथने केलं, की शेगडीची एक वायर तो बोर्डातल्या फेजला लावायचा आणि दुसरी नव्याने पुरलेल्या पाइपाला. कॉइल लालभडक झाली तर जमीन करंट नीट ओढून घेते आहे, म्हणजे काम पास. काळपट राहिली तर खड्डा पुन्हा उकरायचा. बाकीचे वायरमन शेगडीऐवजी साधा बल्ब लावून बघत. बल्ब पेटला की निघाले. काशिनाथ म्हणायचा, "बल्बाला लागतं किती? तो कुठंबी पेटतो. शेगडीला खोटं चालत नाय."

तो मूळचा नायगावकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. वायरमनचं लायसन काढून १९७१ साली आगाशीत भाड्याच्या खोलीत राहायला आला. आगाशी, बोळिंज, अर्नाळ्याच्या वाटेवरच्या वाड्या तेव्हा नुकत्याच विहिरींवर मोटारी बसवत होत्या. केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, सगळं पाण्यावर. मोटारीपाशी ओल, ओलीत अनवाणी माणसं आणि वायरिंग रामभरोसे. काशिनाथने तिथे आपली पद्धत बसवली. आठ फुटांचा खड्डा, त्यात भोकं पाडलेला लोखंडी पाइप, पाइपाभोवती एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा. मीठ तो बापाच्या आगरातलं, जाड्या खड्याचं, पोत्याने आणायचा. पाइपाच्या तोंडाला पत्र्याचं नरसाळं, भोवती चार विटा, वर झाकण. आणि काम संपलं की घरातल्या बाईला हाक मारून सांगायचा, "वहिनी, ह्याला रोज एक तांब्या पानी. वाळूची जमीन हाय आपली, पानी धरत नाय. खड्डा सुकला तर ह्या पाइपाचा नि त्या खांबाचा काय फरक नाय."

बायका हो म्हणायच्या. महिनाभर पाणी घालायच्या, पुढे विसरायच्या. तीस वर्षांत काशिनाथने दीडशेच्या वर खड्डे केले. न चुकता पाणी घालणारी बाई त्याला एकच भेटली. शांताबाई.

शांताबाईंची वाडी आगाशीहून बोळिंजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. खड्डा १९७३ सालचा, घराच्या मागे, न्हाणीच्या भिंतीलगत. सकाळी सहाला अंघोळ झाली की त्या तुळशीला पाणी घालत, तसंच तांब्या घेऊन मागे जात. झाकण बाजूला करत, डाव्या हाताने नरसाळं सरळ धरत आणि उजव्या हाताने तांब्या रिता करत. नातीने, इशिताने, लहानपणी विचारलं होतं की इथे कुठला देव आहे. शांताबाई म्हणाल्या होत्या, "काशिनाथचा."

काशिनाथला ही गोष्ट फार आवडायची. दुसऱ्या घरी कोणी पाणी घालत नसलं की तो ती सांगायचा.

२००३ च्या एप्रिलमध्ये शांताबाईंच्या मुलाने, श्रीरंगने, काशिनाथला निरोप पाठवला. श्रीरंग तेव्हा पंचेचाळिशीचा. वाडी तोच बघायचा आणि वाडीत आता बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आजूबाजूच्या विहिरींवरून दिवसभर टँकर भरून नव्या इमारतींकडे जात. श्रीरंगने स्वतः पाणी विकलं नाही, पण जमिनीखालचं पाणी कुंपण बघून थांबत नाही. त्याची विहीर दोन पुरुष खाली गेली होती, पानवेली जळाल्या होत्या. अर्नाळ्याच्या बाजूला लोक वाडीत पिकनिकवाल्यांना घेत होते, चांगलं चाललं होतं. श्रीरंगच्याही डोक्यात तेच होतं. शेजारच्या वाडीतल्या सालोमीचा मुलगा आग्नेल दुबईला कामाला होता. त्याने येताना एक खोकं आणलं होतं.

काशिनाथ पोचला तेव्हा चिकूच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत खोक्यातलं सगळं मांडून ठेवलं होतं. निळं जाड प्लास्टिक, पांढरे लोखंडी पाइप, एक शिडी आणि दोन नळ्या फुटलेला पंप. पाइप जोडून प्लास्टिक लटकवलं की जमिनीवरच पंधरा फुटांचा, छातीपर्यंत पाण्याचा तलाव तयार. पंपाने पाणी गाळत राहायचं, म्हणजे ते आठवडाभर स्वच्छ राहतं.

"काशिनाथकाका, फक्त प्लग बदलायचाय," श्रीरंग म्हणाला. "दुबईचा आहे, आपल्याकडे बसत नाही."

काशिनाथने वायर हातात घेतली. पंपापासून दोन हातांवर तिच्यात साबणाएवढी एक डबी होती, डबीवर दोन बटणं.

"ही काय हाय ठाऊक हाय?"

"असेल काहीतरी."

"करंट जरा जरी बाहेर गळला ना, पान्यात, मातीत, मान्साच्या अंगातून, ही डबी पापनी लवायच्या आत लाइन तोडते. दुबईवाले मूर्ख नायत. पंप बिघडला तरी चालंल, ही डबी ऱ्हायली पायजे."

शांताबाई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काशिनाथ, तू आलास की आधी भीतीच घालतोस. पोरांना पोहू दे की."

"पोहू दे ना वहिनी. मी कुठं नाय बोललो? पन पंप बंद करून पोहायचं. पंप चालू तर पान्यात कोन नाय, पान्यात कोन तर पंप बंद."

"पिकनिकवाल्यांना कोण सांगणार?" श्रीरंग हसला.

"तू सांग. वाडी तुझी हाय."

दोन दिवस काशिनाथ तिथेच होता. वायर गवतातून न नेता बांबूच्या खांबांवरून नेली, मध्ये एकही जोड ठेवला नाही. स्विच घराच्या भिंतीवर, पोराचा हात पोचणार नाही इतका उंच. पंप फरशीच्या तुकड्यावर ठेवला. पंपाच्या अंगाला आणि शिडीला हिरवी वायर बांधून ती न्हाणीमागच्या जुन्या पाइपाला नेऊन जोडली. शेवटी परीक्षा घ्यायची होती. शेगडी सायकलवर नव्हती. तिची कॉइल आठवड्यापूर्वी तुटली होती आणि नवी आणायची राहून गेली होती. श्रीरंग घाई करत होता, विहिरीच्या मोटारीने तलाव भरायला घेतला होता. काशिनाथने बल्ब लावला. लख्ख पेटला.

"झालं ना?" श्रीरंगने विचारलं.

"झालं," काशिनाथ म्हणाला. तीस वर्षं रोज पाणी पडलेला खड्डा. त्या भागात दुसरा कुठला असा नव्हता.

डबी दुसऱ्याच दिवशी उडाली. काशिनाथ आला, बटण दाबून चालू केली. संध्याकाळी परत उडाली. चौथ्या दिवशी त्याने पंप उघडून पाहिला. पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेली रबराची कडी चिरली होती, गुंडाळीपर्यंत ओल गेली होती.

"पंप गेलाय, श्रीरंग. आग्नेलला सांग, दुसरा पाठीव."

"आग्नेल डिसेंबरला येणार. रविवारी विरारहून सव्वीस माणसं येणार आहेत. पंप बंद ठेवला तर तीन दिवसांत पाणी हिरवं होतंय, वास मारतंय. काय करू, त्यांना डबक्यात उतरवू?"

"पानी काढ नि नवं भर."

"विहिरीत आहे का तेवढं?"

नव्हतं. काशिनाथलाही ते दिसत होतं. तो पंप कोरडा करतो म्हणाला, उन्हात ठेवला, चीर बुजवायला रबराला बाहेरून लुकण लावलं आणि बसवला. एक दिवस चालला. मग पुन्हा डबी उडाली.

शुक्रवारी दुपारी काशिनाथ त्या रस्त्याने जात असताना त्याला पंपाचा आवाज आला. आत गेला. डबी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती आणि जिथे ती होती तिथे वायरला काळ्या टेपचा जोड होता. खाली बोळिंजचा सुजय वायर गुंडाळत बसला होता. सुजय तिशीचा, नव्या कॉम्प्लेक्सची कामं करायचा, मोटारसायकलवरून फिरायचा. माणूस वाईट नव्हता.

"डबी कोनी काढली?"

"मी काढली, काका. फॉल्टी होती, दर दोन तासांनी ट्रिप. टेन्शन कायको लेने का?"

"ती फॉल्टी नाय. पंप फॉल्टी हाय. ती खरं बोलत होती."

"अहो, पण अर्थिंग आहे ना! तुमच्या हातचं अर्थिंग. मी सगळ्यांना सांगतो, काकांचं अर्थिंग म्हणजे डोळे झाकून. करंट गळला तर जाईल जमिनीत. काय?"

श्रीरंग घरातून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "काका, एकच सांगा. अर्थिंग चोख आहे की नाही? नसेल तर आत्ता पंप बंद करतो. रविवारच्या लोकांना नाही म्हणून कळवतो. तुमच्या शब्दावर."

काशिनाथने नंतर हा क्षण अनेकदा आठवून पाहिला. 'मला ठाऊक नाही' असं म्हणायला जागा होती. शेगडी आणून उद्या सांगतो, असं म्हणता आलं असतं. पण सुजयसमोर, स्वतःच्याच खड्ड्याबद्दल, तेही शांताबाईंच्या खड्ड्याबद्दल! तो मागे गेला, पिशवीतून बल्ब काढला, लावला. भर दुपारी उन्हातही डोळ्यांवर येईल इतका पेटला.

"चोख हाय," तो म्हणाला. "तरी डबी लाव तू परत."

"लावतो, रविवार होऊ दे," श्रीरंग म्हणाला.

शांताबाईंनी त्याला ओट्यावर बसवून कोकमाचं सरबत दिलं. तो ते प्यायला आणि गेला.

रविवारी श्रीरंग पावणेसहाला उठला आणि पाहुणे नऊला येण्याआधी पाणी निवळावं म्हणून त्याने पंप चालू केला. सव्वासहाला शांताबाई तांब्या घेऊन मागे गेल्या. साडेसहाला चहाला आल्या नाहीत. श्रीरंगची बायको सुरुची बघायला गेली. शांताबाई न्हाणीच्या भिंतीला टेकल्यासारख्या पडलेल्या होत्या, डावा हात नरसाळ्यावरच. सुरुचीने त्यांना धरलं आणि ओरडून मागे फेकली गेली. तिच्या पायात रबरी सपाता होत्या, ती वाचली. ओरडणं ऐकून श्रीरंग धावला. त्याला पंप आठवला नाही, पण मेन स्विच आठवला.

डॉक्टर आले. सदुसष्ट वर्षांचं वय, रक्तदाब पूर्वीपासून. त्यांनी हृदयविकाराचा झटका लिहिलं. डाव्या तळहातावरचा करडा डाग त्यांनी पाहिला आणि श्रीरंगकडेही पाहिलं. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन या शब्दांपैकी एकही तिथे कोणी उच्चारला नाही. पिकनिकवाल्यांना फाटकावरून परत पाठवलं गेलं.

काशिनाथला कळलं तेव्हा दहा वाजले होते. वाडीवर येऊन तो सरळ घरामागे गेला, नरसाळ्याभोवतीची ओली वाळू पाहिली, झाकण लावलं आणि अंत्ययात्रेत चालला. तिसऱ्या दिवशी नवी कॉइल घातलेली शेगडी घेऊन आला. घरात माणसं होती, कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने एक वायर फेजला लावली आणि दुसरी पाइपाला.

कॉइल काळीच राहिली. हात जवळ नेल्यावर जेमतेम ऊब लागली.

त्याला काही समजून घ्यायचं उरलं नव्हतं. मीठ वीस-पंचवीस वर्षांत वाहून गेलं असणार. कोळशाचा भुगा झाला असणार. खालची ओल विहिरीबरोबर गेली होती. रोजचा एक तांब्या वरची वीतभर वाळू भिजवून तिथेच संपत होता. पंपातून गळणारा करंट हिरव्या वायरीने इमानाने खड्ड्यापर्यंत आला आणि पुढे जमीन त्याला घेईना. फ्यूज उडावा इतका तो वाहतही नव्हता. तो पाइपात, नरसाळ्यात उभा राहिला. आणि वरच्या वीतभर ओल्या वाळूवर, अनवाणी, नरसाळं धरून शांताबाई उभ्या राहिल्या. वाडीत तशी उभी राहणारी ती एकच बाई होती आणि तसं उभं राहायला तिला काशिनाथने शिकवलं होतं.

तेरावा झाल्यावर तो श्रीरंगला भेटला. डॉक्टरांनी काय लिहिलं ते त्याला ठाऊक होतं. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. त्याने सगळं सांगितलं, शेगडी, बल्ब, मीठ, सगळं.

"आई आदल्या दिवशी म्हणत होती," श्रीरंग शेवटी म्हणाला, "फ्रिज चावतो म्हणून. मी म्हटलं, सपाता घालून उघड."

फ्रिजची हिरवी वायरही त्याच पाइपाला जोडलेली होती.

"म्हणजे करंट अर्थिंगच्या पाइपात आला."

"हो. पन तो पंपातून आला. डबी असती तर..."

"अर्थिंग नसतं तर पाइपात आला असता का?"

"नसता आला."

"मग आई वाचली असती."

"वहिनी वाचल्या असत्या," तो म्हणाला. "पन पंपाच्या अंगात तोच करंट बसला असता, श्रीरंग. खड्डा चांगला असता तर फ्यूज उडला असता. शिडीलाबी करंट होता त्या सकाळी. नऊला पोरं येनार होती."

"शिडीला वायर कोणी बांधली?"

"मी."

"मग पोरांचं मला काय सांगता?"

यावर काशिनाथकडे उत्तर होतं. ते सांगायला एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास लागला असता. खड्डा नीट असता तर हीच वायर सगळ्यांना तारणारी होती, वायर चुकीची नव्हती, खड्डा मेला होता आणि खड्डा मेलाय हे बघायचं काम ज्याचं होतं त्याने बघितलं नाही. प्रत्येक वाक्य खरं होतं. आईला जाऊन दोन आठवडेही न झालेल्या माणसासमोर त्यातलं एकही उभं राहत नव्हतं.

"नवा खड्डा करून देतो," तो म्हणाला. "मीठ, कोलसा, सगळं माझं."

"नको," श्रीरंग म्हणाला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "तो पाइप तेवढा काढायचाय. तुम्ही नका येऊ. सुजयला सांगितलंय."

सुजयने पाइप काढला नाही, फार खोल होता. त्याने हिरवी वायर तोडली आणि नरसाळं उचलून खड्ड्यावर सिमेंट ओतलं. बोळिंजला आणि आगाशीला त्याने काय सांगितलं कोण जाणे. बहुधा खोटं काहीच सांगितलं नसेल. बाजारात मात्र पंधरा दिवसांत एकच वाक्य फिरू लागलं: शांताबाई अर्थिंगच्या शॉकने गेली. जुन्या अर्थिंगमध्ये करंट उतरतो.

पावसाळा लागायच्या आत काशिनाथच्या दीडशेतल्या निम्म्या घरांत हिरव्या वायरी तुटल्या. कोणी सुजयला बोलावलं, कोणी स्वतःच पकडीने तोडल्या. काशिनाथ घरोघर गेला. शेगडी बरोबर घेऊन. पहिल्याच घरी त्याने कॉइल लालभडक करून दाखवली. "बघा, तुमचा खड्डा जिवंत हाय. हा करंट खेचतो, फ्यूज उडवतो, मानूस वाचतो." घरातली म्हातारी ते लाल वेटोळं बघून दोन पावलं मागे सरली. "अगं बाई! एवढा करंट आहे खाली?" तिने सुनेला सांगितलं, मुलांना तिकडे फिरकू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी ती वायरही तुटली.

मग त्याने शेगडी न दाखवता सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत. चहा देत. एकाने विचारलं, "मग शांताबाईंकडे काय झालं होतं?" काशिनाथने ते खरं सांगितलं, आपली चूक धरून. ऐकणारा शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारख्या माणसाची चूक होऊ शकते. मग नकोच ते." या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. ज्या घरांत मोटारीची वायर दर पावसाळ्यात सोलली जायची, त्या घरांत आता जमिनीकडे जाणारी वाटच नव्हती आणि तिथली माणसं त्याला सांगत होती की आता कशी निश्चिंत झोप लागते.

२००४ च्या मे महिन्यात श्रीरंगने तलाव पुन्हा लावला. आग्नेलने डिसेंबरात नवा पंप आणला होता. त्याच्याही वायरीत डबी होती. सुजयने ती आधीच कापून ठेवली, ट्रिप व्हायची कटकट नको म्हणून. दोन तारांची वायर, हिरवी नाहीच. दर शनिवार-रविवार माणसं यायची. पंप चालू असायचा, पोरं शिडीवरून उड्या मारायची. काशिनाथ एकदा रस्त्यावर सायकल उभी करून कुंपणातून बघत राहिला. इशिता काठावर पाय सोडून बसली होती. तिने हात केला. सबंध मोसम कोणाला काही झालं नाही. पुढच्या वर्षीही झालं नाही. दरवर्षी काही न होणं हा सुजयच्या बाजूने एक-एक पुरावा होता. काशिनाथच्या बाजूने जो पुरावा होऊ शकला असता, तो कधी होऊ नये असंच त्यालाही वाटत होतं.

२००४ च्याच जूनमध्ये सालोमीने त्याला बोलावलं. आग्नेलची बायको मेरी आणि दोन मुलं दुबईहून सुटीला आली होती. सालोमीच्या घरचं अर्थिंग १९७८ सालचं, अंगणातल्या क्रुसाच्या मागे. त्या भागात शिल्लक राहिलेल्या थोड्या खड्ड्यांपैकी एक. काशिनाथने मागच्याच वर्षी त्यात नवं मीठ घातलं होतं, शेगडीवर तपासलं होतं. जिवंत होतं.

"काशिनाथ, वायर काढून टाक रे ती," सालोमी म्हणाली. "मेरीला सगळ्यांनी सांगून ठेवलंय. ती पोरांना अंगणात सोडत नाय."

"सालोमीबाय, तुमचा खड्डा चांगला हाय. मी जबान देतो."

"शांताच्या वेळी पण दिलेली ना."

ती हे टोचून बोलली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. काशिनाथने मान खाली घातली.

"नाय काढली तर?"

"नाय काढली तर मेरी सुजयला फोन करेल. मला तुझ्याकडूनच पायजे होतं, एवढ्या वर्षांचा तू. पण तूच नाय म्हणतोस तर काय."

सुजय आला तर पकडीने तोडेल आणि तुटकं टोक तसंच भिंतीतून लोंबत ठेवेल, हे काशिनाथला ठाऊक होतं. त्याने ते सात-आठ घरांत पाहिलं होतं. तो स्टुलावर चढला, बोर्ड उघडला. हिरवी वायर तोडली नाही. स्क्रू ढिला करून टोक सोडवलं, त्यावर टेपचे तीन वेढे घट्ट घेतले, वायर दुमडून बोर्डाच्या मागे सारली, हातभर शिल्लक ठेवून. कोणाला पुढे जोडायची झाली तर लांबी पुरावी. पण बोर्डामागे ती आहे हे कोण कोणाला सांगणार होतं, हा प्रश्न होताच. रिकाम्या भोकात त्याने स्क्रू परत बसवला आणि आवळला.

सालोमी खाली चहा घेऊन उभी होती. "आता नाय ना कोणाला काय होणार?"

"खड्ड्यापाशी नाय होनार," काशिनाथ म्हणाला.

तिला तेवढं पुरलं. तिने मेरीला हाक मारून सांगितलं, झालं काम, सोड पोरांना. दोघं अनवाणी धावत अंगणात गेली, क्रुसाला वळसा घालून विहिरीकडे. विहिरीवरची मोटार चालू होती. काशिनाथने कप रिकामा करून ओट्यावर ठेवला आणि सायकल काढली.

"अरे, शेगडी कुठंय तुझी?" सालोमीने कॅरिअरकडे बघून विचारलं. "विकलीस काय?"

"घरी हाय."

"का रे?"

"तपासायला काय ऱ्हायलंय आता," तो म्हणाला आणि फाटक लोटून बाहेर पडला.